हिवाळ्यात मांडव घालून बांधकाम चालू ठेवायचं, तर काय काय बघावं?

विचारणा थोडक्यात अशी आहे: तीन मजली आरसीसी इमारत, पाया आणि जोतं झालेलं. पुढचे तीन-चार महिने रात्री पारा उणे १५ पर्यंत जाणार, दिवसाही शून्याच्या आसपासच राहणार. ठेकेदार म्हणतो, ताडपत्रीचा मांडव घालू, आत हीटर लावू, काम थांबवायचं कारण नाही. मालकाला विचारायचंय की हे खरंच चालतं का, आणि चालत असेल तर त्याने कशावर लक्ष ठेवायचं.

चालतं. थंड प्रदेशांत हे वर्षानुवर्षं होत आलंय आणि चांगलं होतं. पण ‘ताडपत्री आणि हीटर’ एवढ्यावरच योजना संपत असेल, तर माझं उत्तर नाही असं आहे. मांडव ही चार महिन्यांची का होईना, एक इमारतच असते. तिच्यावर वारा येतो, बर्फ साचतो, तिच्या आत विस्तव असतो आणि माणसं काम करतात. मूळ इमारतीच्या ड्रॉइंगवर अभियंत्याची सही असते; मांडवाचं बहुतेक साईटवर ड्रॉइंगच नसतं. माझा आग्रह एवढाच, की मांडवालाही इमारतीसारखं वागवा: त्याचा भार मोजा, त्याची उष्णता मोजा, आणि त्याच्यासाठी एक जबाबदार माणूस नेमा.

आधी कामांची यादी घेऊन बसा आणि प्रत्येक कामाला नेमकं काय लागतं ते ठरवा. सगळ्या इमारतीवर एकच मोठा तंबू घालायची हौस अनेकांना असते, आणि बहुतेक वेळा तिची गरज नसते. सिमेंटचं पाण्याशी मीलन होताना स्वतःची उष्णता निघते. उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर घनमीटरमागे दर १०० किलो सिमेंटला काँक्रीटचं तापमान साधारण १० ते १२ अंशांनी चढतं. म्हणजे ३५० किलो सिमेंटच्या जाड राफ्टला (इमारतीखालच्या एकसंध पायाच्या स्लॅबला) बाहेरून ऊब द्यायची वेळच येत नाही. वरून आणि कडांना उष्णतारोधक ब्लँकेट घातलं की ते स्वतःला सांभाळतं. उलट १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबला वरून आणि खालून दोन्हीकडून थंडी लागते, आणि त्याच्या पोटातली ऊब काही तासांत निघून जाते. तिथे मदत लागतेच.

पण वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठीही डोक्यावर छप्पर लागतंच असं नाही. ज्या मजल्यावर सेंटरिंगचे (ओलं काँक्रीट तोलून धरणाऱ्या साच्याचे) टेकू उभे आहेत, तो मजला चारही बाजूंनी शीट खाली सोडून बंद करा, आत उष्णता द्या, म्हणजे स्लॅब खालून तापतो. काँक्रीट ओतून पृष्ठभाग घोटून झाला की वर ब्लँकेट पसरा. एक मजला उंचीचा हा मांडव लहान असतो, वाऱ्याला कमी सापडतो, आणि काम वर सरकलं की शीट काढून वरच्या मजल्यावर नेता येतात. फक्त ओतायच्या आधी किमान रात्रभर खालून ऊब चालू ठेवा, म्हणजे सेंटरिंग आणि सळई दोन्ही गोठणबिंदूच्या वर आलेली असतील. पूर्ण छपराचा मांडव मी राखून ठेवतो तो विटांच्या बांधकामासाठी, बाहेरच्या भिंतींच्या कामासाठी, आणि जिथे सतत हिमवर्षाव होतो तिथे. लाकडी इमारत असेल तर गोष्ट वेगळी, कारण लाकडाला ऊब नको असते, कोरडेपणा हवा असतो. स्वीडनमध्ये व्हेक्शो इथे लिम्नोलोगेन हा आठ मजली लाकडी इमारतींचा प्रकल्प २००७ ते २००९ च्या सुमारास झाला, तेव्हा इमारतीबरोबर मजल्या-मजल्याने वर चढवत नेता येणारा तंबू वापरला होता. तिथे मुख्य शत्रू पाऊस आणि बर्फ होता.

आता थंडीने नेमकं बिघडतं काय, ते. काँक्रीट घट्ट होण्याआधी त्यातलं पाणी गोठलं, तर गोठताना ते सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि आतली कोवळी रचना फोडतं. एकदा असं झालं की नंतर कितीही ऊब दिली तरी ती ताकद परत येत नाही. अंतिम मजबुतीच्या निम्म्यापर्यंत नुकसान होऊ शकतं. वरून पाहिलं तर ते साधारण काँक्रीटसारखंच दिसतं, म्हणून लोकांना हे खरं वाटत नाही. काँक्रीट ३.५ मेगापास्कलला पोचलं, म्हणजे साधारण ३५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, की एखाद्या वेळचं गोठणं ते सोसतं. नीट प्रमाणात बनवलेलं काँक्रीट १० अंशाला ठेवलं तर दोन दिवसांत तिथवर येतं. पण ओलं असताना वारंवार गोठणार-वितळणार असेल, तर आकडा २४ मेगापास्कलच्या आसपास जातो आणि मिश्रणात हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरणारं रसायनही लागतं. मांडव किती दिवस ठेवायचा हे या दोन आकड्यांवरून आणि सेंटरिंग कधी काढायचं यावरून ठरतं, कॅलेंडरवरून नाही.

‘थंडी’ कुठून सुरू झाली म्हणायची? भारतीय मानक आयएस ७८६१ चा दुसरा भाग ५ अंशाची रेघ ओढतो, अमेरिकन काँक्रीट संस्थेची ३०६ क्रमांकाची मार्गदर्शिका ४ अंशाची. बर्फ पडायची वाट बघत बसू नका. ४-५ अंशांवरही काँक्रीट इतकं आळसावतं की सेंटरिंगचं वेळापत्रक कोलमडतं. तापमान १० अंशांनी उतरलं की सिमेंटची प्रक्रिया साधारण निम्म्या वेगाने चालते. त्याच अमेरिकन मार्गदर्शिकेप्रमाणे ३०० मिलिमीटरहून पातळ घटकात काँक्रीट ओतताना आणि राखताना किमान १३ अंश हवेत, ३०० ते ९०० मध्ये १०, आणि १८०० च्या वर गेलं तर ५ सुद्धा चालतात. जितकं जाड तितकं कमी लागतं, हे वरच्या हिशोबाशी जुळतंच.

मांडवाच्या आत किती उष्णता लागेल याचं गणित अवघड नाही, तरी ते फार थोडे लोक करतात. समजा मांडव २० मीटर लांब, १० रुंद, ४ उंच आहे. भिंती आणि छप्पर मिळून ४४० चौरस मीटर. बाहेर उणे १०, आत १० हवेत, म्हणजे फरक २० अंश. एकेरी प्लास्टिक शीटमधून दर चौरस मीटरला दर अंशामागे साधारण ६ वॅट निसटतात. गुणाकार केला की सुमारे ५३ किलोवॅट होतात. त्यात फटींतून जाणारी हवा मिळवा: आतलं ८०० घनमीटर तासाला दोनदा बदलत असेल तर आणखी साडेदहा किलोवॅट. एकूण ६३ च्या आसपास. आता जोराचा वारा सुटला आणि हवा तासाला सहादा बदलू लागली, की फटींचाच हिस्सा ३० किलोवॅटच्या वर जातो. शांत रात्री मांडव छान गरम असतो आणि वाऱ्याच्या रात्री आतलं पाणी गोठतं, ते याच कारणाने.

यातून दोन गोष्टी निघतात. दुसरा हीटर आणण्याआधी दुसरा थर घाला. मध्ये हवेची पोकळी सोडून दुहेरी शीट केलं, की वरचे ५३ सुमारे ३१ वर येतात. आणि फटी बुजवा: शीटची खालची कड जमिनीवर फूटभर आडवी पसरून तिच्यावर वाळूच्या गोण्या ठेवा, जोडांवर शीट एकमेकांवर चढवून पट्टी मारा, दाराला एकच पडदा न लावता दोन पडद्यांचा छोटा बोळ करा. माल आत नेणाऱ्यांनी दार उघडं टाकणं हा हिवाळी साईटवरचा नेहमीचा आजार आहे, आणि त्याला बोळाशिवाय दुसरं औषध मला सापडलेलं नाही. शीट पांढरी-अर्धपारदर्शक घ्या. दिवसा दिव्यांची गरज कमी होते आणि माणसांना आत कोंडल्यासारखं होत नाही.

उष्णता वर जाते, काम खाली असतं. चार मीटर उंचीत छताखाली घाम आणि जमिनीवर दंव, असं सहज होतं. गरम हवेची नळी जमिनीजवळ सोडा आणि छताखाली पंखा लावून हवा खाली ढकला. तापमान मोजायचं ते छातीच्या उंचीवर टांगलेल्या एका थर्मामीटरवर अजिबात नाही. सगळ्यात आधी गोठतात ते कोपरे, स्लॅबच्या कडा आणि बाहेर डोकावणाऱ्या सळया, कारण सळई थंडी आत ओढते. तिथे काँक्रीटमध्येच थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या) तारा सोडा. हीटरपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातलं काँक्रीट किती अंशाला आहे, तो तुमचा खरा आकडा.

हीटरची निवड हा या उत्तराचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. इथे माणसं मरतात, म्हणून जरा लांबून सांगतो.

हीटर दोन जातींचे. एकात ज्योतीचा धूर आणि गरम हवा एकत्रच मांडवात येतात. दुसऱ्यात ज्योत वेगळ्या कप्प्यात जळते, धूर नळकांड्यातून बाहेर जातो आणि फक्त स्वच्छ गरम हवा आत येते. पहिला स्वस्त असतो, इंधनाचा कस पुरेपूर लावतो, आणि म्हणून ठेकेदाराला प्रिय असतो. त्याचे तोटे तीन.

पहिला काँक्रीटचा. धुरातला कार्बन डायऑक्साइड ताज्या पृष्ठभागावरच्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेटचा मऊ थर करतो. फरशी वाळली की तिच्यावरून हात फिरवला तरी पांढरी भुकटी निघते, आणि ती आयुष्यभर निघत राहते. पहिले २४ तास तरी ताज्या स्लॅबच्या वर असा हीटर नको. दुसरा तोटा पाण्याचा. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. आपल्या ६३ किलोवॅटला ताशी जवळपास ५ किलो प्रोपेन लागतो, म्हणजे दिवसाला १९० लिटरच्या वर पाणी मांडवात. काँक्रीटला हा दमटपणा मानवतो. पण गिलावा, जिप्सम, लाकूड, रंग यांची कामं त्याच मांडवात चालू असतील तर हेच पाणी थंड शीटवर दव होऊन थेंब-थेंब खाली पडतं. कारण सोपं आहे: १० अंशांची हवा घनमीटरला ९.४ ग्रॅम वाफ धरू शकते, शून्य अंशाची फक्त ४.८.

तिसरा तोटा कार्बन मोनॉक्साइडचा. याला रंग नाही, वास नाही. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि हा वायू वाढतो. म्हणजे तुम्ही फटी जितक्या मन लावून बुजवाल, तितका धोका वाढतो. ही कोंडी खरी आहे. शीट बंद ठेवून धूर आत सोडणं या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत. म्हणून माझं मत ठाम आहे: माणसं आत काम करणार असतील तर धूर बाहेर टाकणाराच हीटर. ते यंत्रच मांडवाच्या बाहेर ठेवून फक्त नळी आत घेता येते, म्हणजे आगीचाही धोका उतरतो. नाइलाजाने दुसरा वापरावा लागलाच तर हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची ठरवून ठेवलेली भोकं हवीत, आणि आवाज करणारा कार्बन मोनॉक्साइड मापक आत टांगलेला हवा. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस पाळीभरच्या सरासरीला ३५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग) वर जाऊ नये अशी आहे. दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर ते थंडीने दुखतंय असं समजू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा. आणि हीटर नीट असूनही कोणी पेट्रोलचं कटर किंवा जनरेटर आत आणून चालवलं तर सगळं मुसळ केरात. इंजिन आत नाही, हा नियम दारावर लिहून लावा.

गॅसबद्दल अजून थोडं. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला. त्यामुळे ब्यूटेनचं प्रमाण जास्त असलेलं सिलिंडर कडक थंडीत भरलेलं असूनही गॅस देत नाही, आणि मग कोणीतरी त्याला ज्योतीने शेकायला जातो. हे कदापि होऊ देऊ नका. थंडीसाठी प्रोपेनच मागवा, आणि एका सिलिंडरमधून जास्त ओढण्यापेक्षा दोन-तीन जोडून ओढा. सिलिंडर बाहेर उभी, बांधलेली. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. गळला तर उडून जात नाही, खड्ड्यात, तळघरात, लिफ्टच्या खोबणीत साचून राहतो. तळघर असलेल्या इमारतीत गॅसचा हीटर खाली नेऊच नये, असं मला वाटतं.

आगीचं बाकी थोडक्यात: शीट आगीला दाद न देणाऱ्या प्रतीचं, त्याचं प्रमाणपत्र हातात घेऊन. हीटर आणि शीट यांत किमान ३ मीटर. ज्योत विझली की इंधन आपोआप बंद करणारी यंत्रणा चालू आहे ना ते रोज बघायचं. बाहेर पडायला दोन वाटा, समोरासमोर. वेल्डिंग चालू असताना अग्निशामक घेऊन एक माणूस शेजारी, आणि काम संपल्यावरही तो थोडा वेळ तिथेच.

आता वारा. साधी परांची उभी असते तेव्हा वारा तिच्या पाइपांमधून निघून जातो. तिला शीट लावलं की ती शिडासारखी वागायला लागते. सेकंदाला २० मीटर वारा, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, दर चौरस मीटरला सुमारे २४५ न्यूटन दाब देतो. आपल्या मांडवाची लांब बाजू ८० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दोन टन आडवा रेटा, आणि हा झाला फक्त समोरचा दाब. मागच्या बाजूची ओढ वेगळी. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. परांचीचे भिंतीला धरणारे ताण (टाय) शीट लावण्याआधी वाढवायला हवेत, आणि किती वाढवायचे हे मुकादमाच्या नजरेवर सोडायची गोष्ट नाही. शिवाय ताजी वीटभिंत किंवा ताजं काँक्रीट हे ताण धरायला योग्य नसतं, याचा विसर पडतो. मिळत असेल तर ठरावीक ओढीला सुटणारे लवचिक पट्टे घ्या: वादळात शीट सुटून फडफडेल, पण परांची उभी राहील. शीट पुन्हा लावता येतं.

बर्फाचं छपरावर काय होतं, ते वाऱ्यापेक्षा फसवं असतं, कारण ते हळूहळू साचतं. दबून बसलेला बर्फ घनमीटरला २०० किलो धरला, तर ३० सेंटिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला ६० किलो, आणि २०० चौरस मीटर छपरावर १२ टन. सपाट छप्पर नकोच. बऱ्यापैकी उतार आणि ताणून बसवलेलं शीट हवं. शीट सैल असेल तर आतल्या उबेने वितळलेलं पाणी खोलगट जागी तळं करतं, त्या वजनाने खोलगट आणखी खोल होते, त्यात आणखी पाणी येतं. बर्फ काढायला माणूस छपरावर चढवू नका. जमिनीवरून किंवा परांचीवरून लांब दांड्याने ढकलता येईल अशीच मांडणी सुरुवातीला करा.

जमिनीकडेही बघायला हवं, कारण तुमचा पाया झालेला आहे आणि इथेच एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. बारीक कणांच्या, ओल्या मातीत दंव उतरलं की आत बर्फाचे थर वाढत जातात आणि जमीन वर उचलली जाते. वापरात असलेली इमारत आतून गरम राहणार म्हणून आतल्या खांबांचे पाये बऱ्याचदा उथळ धरलेले असतात. पण पहिल्या हिवाळ्यात ती इमारत उघडी आणि थंडगार असते. त्या उथळ पायांखाली दंव गेलं, तर स्लॅब किंवा खांब उचलला जातो, आणि वसंतात जमीन वितळून तो वेडावाकडा खाली बसतो. काम थांबवायचं ठरलं तरी हा धोका टळत नाही, उलट वाढतो. जोत्याच्या आतल्या जमिनीवर आणि कडेने ब्लँकेट घाला, नाहीतर आत थोडी ऊब राखा. नवीन कुठलंही काँक्रीट गोठलेल्या जमिनीवर ओतायचं नाही. ती आधी वितळवून, भिजलेला लगदा काढून, पुन्हा दाबून घ्यायची. गरम द्रावणाच्या नळ्या अंथरून वर ब्लँकेट टाकायची पद्धत यासाठी चांगली. सेंटरिंगमध्ये साचलेला बर्फ गरम हवेने काढा. गरम पाणी ओतलं तर ते कोपऱ्यात जाऊन पुन्हा गोठतं, आणि मीठ टाकलं तर सळईला गंजाचं आमंत्रण.

सळईचा विषय निघालाच आहे तर, ‘अँटीफ्रीझ टाकू, मांडव कशाला’ असं कोणी सुचवेल. कॅल्शियम क्लोराइडने काँक्रीट लवकर घट्ट होतं हे खरं, पण त्याच्या नेहमीच्या मात्रेने गोठणबिंदू फारसा खाली जात नाही, आणि क्लोराइड सळई गंजवतं. सळईच्या कामात क्लोराइड नसलेलं वेगवर्धक रसायन वापरा, आणि तेही ऊब राखण्याच्या जोडीला. मिश्रणाचं पाणी तापवणं हा जास्त साधा उपाय आहे, कारण पाण्याची उष्णता धरण्याची ताकद खडी-सिमेंटच्या चार-पाच पट असते. साधारण ६० अंशांपर्यंतचं पाणी आधी खडी-वाळूत मिसळून मग सिमेंट टाका, नाहीतर मिक्सरमध्येच गोळे होतात. हिवाळ्यात फ्लाय अॅश किंवा स्लॅगचं (सिमेंटऐवजी घालायच्या राखेचं किंवा भट्टीच्या मळीचं) प्रमाणही डिझायनरला विचारून कमी करून घ्या. ते सावकाश पिकतात, आणि त्या सावकाशीचा खर्च तुम्ही इंधनात भरता.

विटांचं बांधकाम: अमेरिकेतल्या गवंडीकामाच्या संहितेत उणे ७ अंशांच्या खाली मांडव आणि ऊब सक्तीची आहे, आणि त्याहून थोड्या कमी थंडीत वाऱ्याला आडोसा. व्यवहारात मला तीच रेघ बरी वाटते. विटाही मांडवात आणून ठेवा. बर्फ चिकटलेली वीट गरम मसाल्यात (सिमेंट-वाळूच्या) ठेवली तर मसाला तिथेच गार होतो. गिलावा आणि रंग शक्यतो या मांडवात करूच नका. खालच्या मजल्यांची खिडक्या-दारं जाड प्लास्टिकने बंद करून, कायमची हीटिंग जोडून घेऊन, १० अंशांच्या वर सतत राहतील अशा कोरड्या खोल्या तयार करा. छप्पर पूर्ण झालं की इमारत स्वतःच मांडव होते. म्हणून वेळापत्रक आखताना कडक थंडीच्या आत किती मजले झाकले जातील, तो आकडा आधी काढा. तुमच्या बाबतीत पाया झालाच आहे, तर तिसऱ्या मजल्याचा स्लॅब लवकर गाठण्यावर भर द्या आणि भिंती मागून येऊ द्या.

सेंटरिंग कधी काढायचं, यावर मात्र अजिबात घासाघीस नको. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथे २७ एप्रिल १९७८ रोजी बांधकाम चालू असलेला कूलिंग टॉवर कोसळला आणि ५१ कामगार मेले. तिथली परांची आधीच्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटच्या थरावरच टेकलेली होती. तपासात निघालं की त्या थराला पुरेशी ताकद आलेलीच नव्हती आणि त्याच्यावर बांधकामाचा भार आला. एप्रिल होता, कडाक्याची थंडीही नव्हती. नुसता गारवा होता. तेव्हा ‘तीन दिवस झाले, काढा’ हे वाक्य साईटवर चालू देऊ नका.

तापमानाची नोंद असेल तर साधा हिशोब होतो. प्रत्येक तासाच्या काँक्रीटच्या तापमानात १० मिळवायचे आणि तासांनी गुणत बेरीज करायची. बेरीज सारखी, तर ताकद साधारण सारखी. २० अंशाला ७२ तास म्हणजे ३० गुणिले ७२, २१६०. ५ अंशाला तेवढीच बेरीज व्हायला १४४ तास, म्हणजे सहा दिवस लागतात. पण हे उणे १० ची आधाररेषा धरून, म्हणजे त्याखाली काँक्रीट पिकत नाही असं मानून. कमी तापमानात ती जरा उदार ठरते. आधाररेषा शून्य अंशाची धरली तर तेच सहा दिवस बारा होतात. तुमच्या मिश्रणाची प्रयोगशाळेतून काढलेली आधाररेषा नसेल, तर मी बाराच धरेन. आणि नमुन्याचे क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) गरम खोलीत ठेवू नका. ते त्याच मांडवात, स्लॅबच्या सगळ्यात थंड कोपऱ्याजवळ ठेवा, नाहीतर क्यूब पास होतील आणि स्लॅब नापास.

एवढं सगळं रात्री दोन वाजता कोण बघणार, हे आत्ताच ठरवा. हीटर बंद पडतात ते बहुतेक रात्रीच: इंधन संपतं, वीज जाते, गाळणी गोठते. रात्रपाळीला एक माणूस, दर दोन तासांनी चार ठरलेल्या जागांचं तापमान वहीत, एक जादा हीटर जागेवर, पुढच्या दोन दिवसांचं इंधन साठ्यात, आणि जनरेटर बाहेर. ठेकेदाराने दरपत्रकात मांडवाची रक्कम एका ओळीत दाखवली असेल, तर त्याच्याकडून ती फोडून घ्या: शीट आणि परांचीचं भाडं, इंधन, रात्रपाळी, बर्फ काढणं, मोजमाप. इंधन आणि रात्रपाळी यांना वेगळी ओळ नसेल तर त्यांचा विचार झालेला नाही असं समजा. मग ही बेरीज काम चार महिने थांबवल्यावर लागणाऱ्या खर्चासमोर ठेवा: उभ्या यंत्रांचं भाडं, कर्जाचं व्याज, पांगलेली टोळी पुन्हा गोळा करणं, उघड्या कामाची राखण. पुष्कळदा मांडव परवडतो. कडाक्याचे दोन-तीन आठवडे सोडून देऊन बाकीचा हिवाळा काम करणं हा मधला मार्गही असतो, आणि लहान कामांना मी तोच सुचवतो.

शेवटी मांडव काढणं. ऊब एकदम बंद करून शीट ओढून काढलं तर गरम काँक्रीटचा पृष्ठभाग आकसतो, पोट तसंच राहतं, आणि तडे जातात. ३०० मिलिमीटरच्या आतल्या घटकाचं तापमान पहिल्या २४ तासांत २८ अंशांपेक्षा जास्त उतरू देऊ नये, ३०० ते ९०० ला २२, आणि १८०० च्या वरच्या जाड कामाला फक्त ११. म्हणजे हीटर टप्प्याटप्प्याने कमी करायचे, मग बंद, मग शीट, आणि ब्लँकेट सगळ्यात शेवटी. क्युरिंगचं (काँक्रीट ओलं राखायचं) पाणी त्याच्या आधीच थांबवलेलं असावं, कारण पाण्याने चिंब काँक्रीट पहिल्याच रात्री गोठणं सगळ्यात वाईट. एक-दोन दिवस ते थोडं सुकू द्या आणि मग उघडं करा.